काळ्याची पिसं

दि. ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की मला कोंबड्याची पिसं हवी आहेत. आधी हसून घे, मी थांबतो. झालं? आता पुढे वाच.

ही गेल्यापासून घर खायला उठतं, ते तुला माहीतच आहे. पस्तीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले, हात अजून स्थिर आहे, पण त्या हाताला काम म्हणून नाही. तर आमच्या मागच्या गल्लीत एक गळमाशी मंडळ आहे, तिथे मी जायला लागलोय. गळमाशी म्हणजे गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. ती पाण्यावर टाकायची, मासा तिला खरी समजतो, तोंड उघडतो आणि फसतो. निदान पुस्तकात तसं लिहिलंय. मंडळाला सतरा वर्षं झाली, पण अजून कुणी पाण्यापर्यंत गेलेलं नाही. आमचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांचं म्हणणं, मासा हा शेवटी अडाणी परीक्षक, खरी परीक्षा टेबलावर होते. दात बघायचा तो छोटा आरसा असतो ना, त्याने ते प्रत्येक माशीचं पोट खालून तपासतात.

सगळं घोडं अडतं ते पिसांवर. कोंबडीचं पीस मऊ, ते पाणी पितं आणि माशी बुडते. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी असतं ते तेलकट, तरंगतं छान, पण भुरभुरीत. तरंगत्या माशीला हवं कोंबड्याच्या मानेचं. अरुंद, चकचकीत, ताठ. बोटाने वाकवलं की टुणकन परत उभं राहिलं पाहिजे. शिवाय पिसाच्या तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या बरोबर दीडपट, ना कमी ना जास्त. मी नेलेली पिसं समितीने तीनदा नापास केली. गेल्या खेपेला चिटणीस सगळ्यांदेखत म्हणाले की ही उशीतली दिसतात. ताई, ती उशीतलीच होती. माझा असा पाणउतारा खात्यात साहेबांनीसुद्धा कधी केला नव्हता.

पिसं-निवड समितीत एक खुर्ची रिकामी आहे आणि ती मला हवी आहे. दर शनिवारी कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायला हवं ना माणसाला. दोन वर्षांपूर्वी तू तो कोंबडा घेतलास, काळ्या, त्याची गळून पडलेली मानेची पिसं पाठव. काळं पीस आमच्यात कुणाकडेच नाही. मापासाठी एक गळ कागदाला टोचून पाठवतोय, बोट सांभाळ.

बाकी सगळं ठीक. आहेस तशीच माया ठेव, आणि पाकीट नीट चिकटव.

तुझा,
धाकटा

*

दि. ११ मार्च

चि. बारक्यास,
ताईचे अ. आ.

तुझं पत्र भिंग लावून वाचलं आणि भिंग हातातून पडेपर्यंत हसले. लहानपणी गांडूळ हातात धरायला रडायचास, आणि आता मासे फसवायला निघालास.

पिसं पाठवतेय. तीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं, माप मला कुणी सांगायला नको. तुझा गळ अंगठ्याच्या नखावर ठेवून बघितला, दीडपट म्हणजे नखाची रुंदी आणि वर एक केसभर. अंगणात बसून एकेक पीस ओठावरून फिरवलं. मऊ ते लगेच कळतं, ताठ ते गुदगुल्या करतं. मऊ सगळी टाकून दिली. दहा-दहाच्या जुड्या बांधल्यात, प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात काळी असं लिहिलंय, म्हणजे तुझ्या समितीचा गोंधळ नको. सुईत दोरा मात्र पाववाल्याकडून ओवून घेतला. तो रोज सकाळी गाडी थांबवून पाव देतो, तेवढ्यात माझं एखादं काम करून जातो.

आता माझं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला अठरा एप्रिल दिलीय. मोतीबिंदू पार पिकलाय म्हणतात. सोबत घरचं माणूस हवं, आणि पुढे काही दिवस दर चार तासांनी औषधाचे थेंब घालायला कुणीतरी हवं. माझं घरचं माणूस म्हणजे तूच. येशील का? चार वर्षांत तुझं इकडे पाऊल नाही. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून लिहून विचारते.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच, ते मागायची गरज नाही.

ताई

*

दि. २० मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि., आज वि. वि. जास्त आहे.

ताई, तुझ्या पिसांनी सभागृह हलवलं! अध्यक्षांनी जुडी उघडली, एक पीस वाकवलं, सोडलं, ते असं उभं राहिलं की त्यांनी आरसा खाली ठेवला. मग मोजपट्टी आली. दहाच्या दहा पिसं एका मापाची. चिटणीस म्हणाले की अशी निवड त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. ज्या माणसाने मला उशीवरून हिणवलं तो हे म्हणाला.

फक्त रंगावर जरा चर्चा झाली. तू लिहिलंस काळी, आणि पिसं दिसत होती लाल. तांब्याच्या भांड्यासारखी. आम्ही सगळे एकदा जुडीकडे बघायचो, एकदा तुझ्या चिठ्ठीकडे. सभागृह झाडणाऱ्या बाई तिथेच होत्या, त्या म्हणाल्या की लाल आहेत की सरळ. अध्यक्षांनी त्यांना बाहेरचा व्हरांडा झाडायला पाठवलं आणि मग समजावून सांगितलं. इतक्या अचूक हाताने निवड करणारा माणूस रंग चुकीचा लिहील हे शक्य नाही. खरा काळा रंग तयार नजरेलाच काळा दिसतो, कच्च्या नजरेला तो लाल भासतो. चिटणिसांना लगेच काळा दिसला. खजिनदारांना चहा झाल्यावर दिसला. मलाही, खरं सांगतो, तिसऱ्यांदा बघितल्यावर काळपट वाटायला लागलंय.

ही पिसं कुठून आणली असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, दूरच्या एका जाणकाराकडून. रागावू नकोस. ताई म्हटलं असतं तर पिसं उशीतल्या जुडीत गेली असती.

आता मुद्द्याचं. अठरा एप्रिलला वार्षिक प्रदर्शन आहे. तिथे कातडीसकट अख्खी मान मांडायची अशी पद्धत आहे, म्हणजे लहान-मोठी सगळी पिसं जागच्या जागी दिसतात. मी शब्द देऊन बसलोय. मान आली की खुर्ची माझी.

तुझ्या डोळ्याचं कळलं. मोतीबिंदूचं हल्ली काही विशेष राहिलेलं नाही. आमच्या खजिनदारांनी सकाळी ऑपरेशन केलं आणि संध्याकाळी सभेत येऊन डुलकी काढली. तारीख नेमकी तीच आहे, बघतो कसं जमतं.

लोभ आहेच, त्यात मानेएवढी भर घाल.

धाकटा

ता. क. तुझं अक्षर केवढं झालंय! एका पानावर अकरा ओळी. पहिलीच्या वर्गाला शिकवतेस की काय?

*

दि. २९ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ., कान धरून.

तुझं पत्र पाववाल्याने वाचून दाखवलं. भिंगाने आता भागत नाही. तो मानेपर्यंत आला आणि थांबला, म्हणाला, बाई, पुढचं वाचू का? मी म्हटलं, वाच, माझाच भाऊ आहे.

मान म्हणजे काय पायमोजा आहे, काढून दिला आणि झालं? काळ्या माझ्या पायांशी चालतो. मी कोंबड्यांना दाणे टाकायला निघाले की पुढे क्वॉक क्वॉक करत जातो, त्या आवाजावर मी पाऊल टाकते. परवा तो दुसरीकडे होता तर मागची पायरी चुकले आणि गुडघा फुटला. त्या काळ्याची मान तुझ्या दंतवैद्याच्या टेबलावर मांडायची?

आणि तयार नजर, कच्ची नजर हे काय थोतांड आहे? काळ्या काळा आहे, काळाकुट्ट, म्हणून तर त्याचं नाव काळ्या. त्या झाडणाऱ्या बाईंना म्हणावं, चष्मा लावा. तूही तपासून घे तुझे डोळे.

आता एक सरळ लिहिते, कारण आडून लिहिलेलं तुला कळत नाही. मला भीती वाटते. डॉक्टरीणबाई गोड बोलतात, पण डोळ्याशी कुणी सुई आणणार म्हटलं की माझे हात गार पडतात. तू हात धरायला हवास. आई गेली तेव्हा मी तुझा धरला होता. यायचं की नाही ते नीट कळव, बघतो म्हणू नकोस.

ताई

*

दि. ५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू चिडलीस हे अक्षरावरून कळलं, आता पानावर आठच ओळी आल्यात. पण माझीही बाजू समजून घे. आधी म्हणजे समितीच्या गोपनीय बाबी पाववाल्याकडून वाचून घेणं बरं नव्हे. तो आणखी चार गावांना पाव देतो. काळ्या रंगाची बातमी फुटली तर दुसरी मंडळं टपून बसलीच आहेत.

मानेचं म्हणशील तर शेवटी कोंबडाच ना तो. दुसरा चांगला बघून देतो तुला, मोठ्या आवाजाचा. प्रदर्शनाच्या पत्रिका छापून आल्यात. त्यात पान तीनवर माझ्या नावापुढे नियोजित सदस्य असं आलंय. इतक्या वर्षांत कुणी माझं काही छापलं नव्हतं, नकाशांवरसुद्धा सही साहेबांचीच असायची.

ऑपरेशन पुढे ढकलता येतं, प्रदर्शन येत नाही. नाहीच ढकललं तर पलीकडच्या घरातलं कुणीतरी सोबत जाईल. एकोणीस तारखेला मी फोन करतो, अगदी नक्की. आणि भिण्यासारखं त्यात काही नाही, खजिनदारांना विचार हवं तर.

राग सोड, मान पाठव.

धाकटा

*

दि. १४ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. आ.

कळलं. ऑपरेशन ढकलत नाही. पलीकडच्या घराला कुलूप आहे, तेव्हा मी एकटीच जाईन. पाववाला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडणार आहे.

मी नसताना कोंबड्यांना त्याची बायको दाणे टाकेल, पण काळ्या तिला टोचतो. म्हणून त्याला खोक्यात घालून पाववाल्याबरोबर तुझ्याकडे पाठवतेय. अख्खी मान हवी होती ना? ही घे. मानेला बाकीचं जे जोडलेलं आहे त्याला दिवसातून दोनदा दाणे आणि स्वच्छ पाणी लागतं. खोक्याला भोकं पाडलीत. पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव, मी काही विचारणार नाही.

पंखाखाली खाजवलं की गप्प होतो.

ताई

*

दि. १६ एप्रिल

मा. अध्यक्ष, गळमाशी मंडळ, यांस
स. न. वि. वि.

परवाच्या प्रदर्शनाला मी येऊ शकत नाही. पत्रिकेतल्या पान तीनवरचं माझं नाव खोडून टाकावं. दात बघण्याच्या आरशाने खोडता येत नसेल तर साधी पेन्सिल चालेल.

आपण ज्यांना दूरचे जाणकार म्हणून मान दिलात त्या माझ्या थोरल्या बहीण, शिवणकामाच्या निवृत्त बाई. पिसं त्यांच्या कोंबड्याची. तो कोंबडा काल संध्याकाळी माझ्याकडे आला. पाववाल्याने खोकं स्वयंपाकघरात ठेवलं, मी झाकण उघडलं. साहेब, तो लाल आहे. ताज्या विटेसारखा लाल, दिव्याखाली डोळे दिपतील इतका. एक काळं पीस औषधालासुद्धा नाही. आणि ताई त्याला दोन वर्षं काळ्या म्हणतेय.

तिने रंग चुकीचा लिहिला नव्हता. तिला दिसत होतं तेच तिने लिहिलं. पिसं तिने बोटांनी आणि ओठांनी निवडली, कारण निवडायला दुसरं काही उरलेलंच नाही. तीन पत्रांतून ती मला हे सांगत होती. अक्षर मोठं झालं तर मी थट्टा केली, पाववाला वाचतो म्हणाली तर मला समितीची गुपितं आठवली. पायरी चुकून पडली त्याची तर मी चौकशीही केली नाही. आपल्या टेबलाशी बसून मी लाल पिसाला काळं म्हणालो, आणि मला तर चांगलं दिसतं. माझी मलाच लाज वाटते.

सभागृह झाडणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगावा. अख्ख्या मंडळात पिसांची पारख तेवढी त्यांना आहे.

कोंबडा बगलेत घेऊन मी उद्या सकाळच्या गाडीने निघतो. मान जागेवर आहे. गळावा तसा लोभ गळू द्यावा, हरकत नाही.

आपला,
माजी नियोजित सदस्य

*

दि. २२ एप्रिल

माजी नियोजित सदस्य, मुक्काम बहिणीचे घर, यांस
स. न. वि. वि.

आपले पत्र सभेत वाचण्यात आले. त्यावर दोन तास चर्चा होऊन पुढीलप्रमाणे ठराव एकमताने संमत झाला. कोंबडा लाल असल्याचे मंडळ मान्य करते. तथापि त्याची पिसे काळीच आहेत.

प्रदर्शन उत्तम झाले. मानेच्या जागी आपले पत्र मांडण्यात आले होते.

आपल्या भगिनींनी समितीतील रिकामी खुर्ची स्वीकारावी अशी विनंती आहे. तूर्त दोन जुड्या पाठवाव्यात. स्नेह ठेवावा, शक्यतो ताठ आणि एका मापाचा.

आपला,
अध्यक्ष

*

दि. ९ मे

चि. बारक्यास,
ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

बघ, पानावर चोवीस ओळी बसवतेय. काल तू गेलास आणि आज मी स्वतः कागद घेऊन बसले. पाववाला जरा हिरमुसला, त्याला आपली पत्रं आवडायला लागली होती.

तू सतरा तारखेला आलास तेव्हा दारात एक लांबोडकं धुरकट काहीतरी उभं होतं आणि त्याच्या बगलेत फडफडत होतं. मी विचारलं, कोण, पाववाला का? मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि मी ओळखलं. तसं नाक दुसरं कुणी ओढत नाही. ऑपरेशनला तू माझा हात इतका घट्ट धरलास की डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पेशंट नक्की कोण? आणि दर चार तासांनी थेंब घालताना दर थेंबाला एक माफी मागितलीस. डोळ्यात औषध कमी आणि तुझी माफीच जास्त गेली असेल. आता पुरे. मला पोचली.

अध्यक्षांना मी कळवलंय की खुर्चीला माझी हरकत नाही, मात्र सभा आमच्या मागच्या ओढ्यावर घ्यावी. अजून उत्तर नाही. पाण्याचं नाव काढल्यावर त्यांची वाचा बसली असणार. त्यांना हेही लिहिलं की तू लाल पिसांची बांधलेली माशी ओढ्यात टाकलीस, ती मस्त तरंगली, एक मासा वर आला, त्याने तिच्याकडे बघितलं आणि गेला. तू मात्र गुडघाभर पाण्यात उड्या मारत होतास. सतरा वर्षांत मंडळाच्या माशीकडे एका माशाने बघितलं, हे काय थोडं झालं?

काळ्या लाल निघाला याचं मला अजून हसू येतं. पट्टी निघाल्यावर तो अंगणात आला तेव्हा मी म्हटलं, हा कुणाचा कोंबडा शिरला? मग त्याने क्वॉक केलं. नाव आता बदलत नाही, त्याला सवय झालीय आणि मलाही.

एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही, ती लिहिते. पट्टी काढली तेव्हा मी आधी काळ्याला नाही, तुला बघितलं. तू खाटेशी वाकून बसला होतास आणि तुझं डोकं पांढरंशुभ्र होतं. माझ्या मनात तू काळ्या केसांचाच होतास रे. इतकी वर्षं मी काळ्या केसांच्या बारक्याला पत्रं लिहीत होते, त्याच्यावरच रागावत होते. हा म्हातारा कधी झाला, एकटा कसा झाला, हे मी तरी कुठे बघितलं? डोळ्यांना पाणी लावायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. तुला वाटलं, उजेडाचा त्रास होतोय.

डाव्या डोळ्याची तारीख वीस जून. या वेळी येशील का असं विचारत नाही, ये. तुझी माशी बांधायची पकड आणि दोरा टेबलावर होता तसाच ठेवलाय. लाल पिसं मी निवडून ठेवते, आता डोळ्यांनी आणि बोटांनी दोन्हींनी. पांढरी हवी असली तर मात्र माझ्याकडे मागू नकोस, तुझ्या डोक्यावर भरपूर आहेत.

आतापासूनच वाट बघणारी,
ताई